'ओंडरडाउकर'ला मराठीत काय म्हणावं?

नेदरलंड्समधल्या नाझी अंमलावर (1940–45) लेख लिहिते आहे. लोकांच्या घरांत लपून राहिलेल्यांना डच लोक 'ओंडरडाउकर' म्हणतात, म्हणजे पाण्याखाली बुडी मारलेला. संपादक 'फरारी' म्हणतात, नवरा 'भूमिगत'. मला दोन्ही खटकतात.

— फरारी नकोच हो ताई, त्यात गुन्हा आणि वॉरंट आलं. 'भूमिगत'वर बेचाळीसचा शिक्का आहे. अच्युतराव पटवर्धन भूमिगत झाले ते चळवळ चालवायला. इथे चळवळ थारा देणाऱ्यांची, लपणाऱ्याने फक्त श्वास रोखून बसायचं. हार्लेमचे घड्याळजी कॅस्पर टेन बोम यांच्या घरात, मुलगी कोरी हिच्या खोलीत खोटी भिंत उभारली होती. मागे जेमतेम उभं राहण्यापुरती जागा. 28 फेब्रुवारी 1944 ला धाड पडली, घरची माणसं पकडली गेली. भिंतीमागचे सहाजण मात्र सापडले नाहीत. घरावर पहारा, म्हणून जवळजवळ दोन दिवस तसेच आत. चौऱ्याऐंशीचे कॅस्पर दहा दिवसांत कैदेतच गेले. या सहाजणांना मी सरळ 'दडलेले' म्हणेन.

— 'दडलेले' ठीक. पण सगळेच कुठे भिंतीआड होते? कित्येक ज्यू मुलं नाव बदलून उजळ माथ्याने दुसऱ्यांच्या घरी वाढली. शेजाऱ्यांना सांगायचं, रॉटरडॅमवर बॉम्ब पडले, तिथलं पोर आहे. हा शुद्ध अज्ञातवास! विराटाघरचे पांडव काय कोठडीत बसले होते?

— थारा देणाऱ्यांसाठी 'आश्रयदाते' कृपया नको, दरबारी गवई डोळ्यांसमोर येतो. हे शेतकरी, शिक्षक, पाद्री. त्यांची रोजची विवंचना रेशनची. लपलेला माणूस कागदावर नाही म्हणजे त्याची कूपनंही नाहीत, आणि ताटं तर वाढलेली. म्हणून प्रतिकार गट रेशन कचेऱ्यांवर दरोडे घालून कूपनं पळवत. 'थारा दिला' एवढंच पुरे. 'दडवलं' मात्र टाळा, ते साखरेच्या पोत्यांना.

— एक राहिलं. जर्मनीतली सक्तीची मजुरी चुकवणारे डच तरुणही ओंडरडाउकरच, आणि संख्येने ज्यूंपेक्षा कितीतरी जास्त. तेव्हा 'दडलेले ज्यू' असं स्पष्ट लिहा.

— लिहिते. भिंतीमागचे 'दडलेले', ज्यू असतील तिथे 'दडलेले ज्यू', मुलांना 'अज्ञातवास', घरवाल्यांनी 'थारा दिला'. संपादकांशी भांडायला एवढं पुष्कळ आहे.