टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) सोन्याचे कण दिसतायत, कोटिंग दिसत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. सायट्रेटने सोन्याचे नॅनोपार्टिकल बनवलेत, रंग मस्त आलाय, अगदी कोकम सरबत, आणि त्यावर पेग-थायॉल (सोन्याला चिकटणारं पॉलिमर) चढवलंय, ५००० रेणुभारवालं. डीएलएसमध्ये (प्रकाश टाकून पाण्यातल्या कणांची साइज मोजतात ते) साइज २१ वरून ३८ नॅनोमीटर झाली म्हणून मी खुशीत होते. मग टीईएमचा स्लॉट मिळाला, डोंबिवलीच्या लोकलमध्ये ग्रिडची (कण ज्यावर वाळवतात त्या बारीक जाळीची) डबी छातीशी धरून गेले, आणि फोटोत नुसते १५ नॅनोमीटरचे काळे ठिपके, बाजूला काहीच नाही! एकदोन कणांभोवती राखाडी कडा दिसली, मी म्हटलं हेच कोटिंग, पण बघता बघता ती जाड व्हायला लागली. गाईड मॅडम विचारतायत कोटिंग झालंय कशावरून. थेंब वाळायलाही दोन तास लागले, या पावसात टॉवेल वाळत नाहीत तर ग्रिड काय वाळणार. पुढचा स्लॉट वाया घालवायचा नाहीये, काय करू?

प्रतिसाद:
अगं-तुगं करतोय, चालेल ना. ती वाढणारी कडा कोटिंग नाही, जादा पॉलिमर आणि इतर कचरा बीमखाली कार्बन होऊन कणावर बसतोय. आधी दोनतीनदा सेंट्रिफ्यूज करून नितळ पाण्यात धू. आणि पेग तसं दिसणारच नाही, जड अणू गडद दिसतात, हलके फिके; सोन्याचा अणुक्रमांक ७९, पेगमधल्या कार्बनचा ६, त्यात ग्रिडवरची फिल्मही कार्बनची, म्हणजे चुन्याच्या भिंतीवर पांढरा खडू. निगेटिव्ह स्टेन कर, म्हणजे कणाभोवतीची जागा जड धातूच्या क्षाराने गडद कर, फॉस्फोटंगस्टिक ॲसिड, पीएच ७ ला आणून. त्याऐवजी युरेनिल ॲसिटेट वापरलंस तर फॉस्फेट बफर अजिबात नको, साका बसतो. पेगवर स्टेन नेहमी छान येतो असं नाही, म्हणून शेजारशेजारच्या कणांमधली फट पण मोज, चिकटून बसलेल्या कोटेड कणांमध्ये सारखी फट राहते, ती साधारण दोन कोटिंगांची. ३८ शी मात्र जुळवू नकोस, डीएलएस पाण्यात फुगलेलं पेग मोजतं, व्हॅक्यूममध्ये ते चपटं होतं.

मूळ धागाकर्ती:
चालेल हो दादा! फट मोजायचं डोक्यातच नव्हतं, जुन्या फोटोंतच बघते. पण मॅडमना उद्याच उत्तर हवंय, तोवर काय दाखवू?

प्रतिसाद:
मीठ टाक. दोन ट्यूब, एकीत साधे सायट्रेटवाले, एकीत पेगवाले, दोन्हीत सारखंच मिठाचं पाणी. साधे एकमेकांना चिकटून निळे पडतील, पेग नीट चढलं असेल तर कोकम कोकमच राहील.