‘रन’चा अर्थ वाक्यानुसार कसा ओळखायचा? ‘धावणे’ फारच कमी ठिकाणी बसतं

अनुवाद_टिपणं
इंग्रजी-मराठी अनुवादाकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी टिपणं तयार करते आहे. ‘रन’पाशी सगळेच अडतात. कोशातला पहिला अर्थ ‘धावणे, पळणे’ आणि समोर वाक्यं अशी: ‘द कॉन्ट्रॅक्ट रन्स फॉर थ्री इयर्स’, ‘देअर वॉज अ रन ऑन द बँक’, ‘द कलर्स रॅन इन द वॉश’, ‘शी रॅन अप अ बिग बिल’. नेमका अर्थ पकडायची काही पद्धत आहे का? आणि समानार्थी शब्दांसाठी थिसॉरसवर किती विसंबावं?

कोशवाचक
अर्थांची यादी पाठ करायला लावू नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढे कोशाची सुधारणा होत गेली आणि २०११मध्ये ‘रन’ने त्याला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ आहेत.

मुळात ‘रन म्हणजे धावणे’ ही समजूतच अपुरी आहे. जर्मनमध्ये याच कुळातली दोन क्रियापदं आजही वेगळी आहेत: ‘रिनेन’ म्हणजे वाहणं, पाझरणं आणि ‘रेनेन’ म्हणजे धावणं. इंग्रजीत दोन्ही एकाच शब्दात मिसळली. त्यामुळे नाक, नळ, नदी यांचं ‘रन’ होणं हे धावण्यावरून ओढूनताणून आलेलं नाही, वाहण्याचा अर्थही तितकाच जुना आहे.

पद्धत म्हणाल तर आधी कर्ता बघायचा. माणूस किंवा जनावर असेल तर धावणे. पातळ पदार्थ असेल तर वाहणे. यंत्र असेल तर चालणे. रस्ता, भिंत, केबल असेल तर ‘इथून तिथवर जाते’. करार, नाटक, खटला असेल तर मुदत किंवा कालावधी. तुमचा करार ‘तीन वर्षांसाठी आहे’, बस्स.

मग कर्म आहे का ते बघायचं, कारण खरी गंमत तिथे आहे. ‘रन अ शॉप’ म्हणजे दुकान चालवणं, पण ‘रन अ बाथ’ म्हणजे आंघोळीसाठी टबात पाणी सोडणं. ‘रन अ टेम्परेचर’ म्हणजे अंगात ताप असणं. ‘रन अ रेड लाइट’ म्हणजे सिग्नल तोडणं. ‘रन अ स्टोरी’ वर्तमानपत्राच्या संदर्भात बातमी छापणं, आणि ‘रन गन्स’ म्हणजे शस्त्रांची चोरटी वाहतूक. क्रियापद तेच, अर्थ ठरवतं ते कर्म.

मराठीत यातला निम्मा भार ‘चालणे’ उचलतं. दुकान चालतं, मशीन चालतं, नाटक चालतं, खटला चालतो. म्हणून पहिला मसुदा करताना ‘धावणे’ऐवजी ‘चालणे’ घालून पाहा. तेही बसलं नाही तरच पुढचा शोध.

व्याकरण_कट्टा
वरच्या उत्तरात पुढे जोडून येणाऱ्या लहान शब्दांचा मुद्दा राहिला. ‘रन अप’, ‘रन डाउन’, ‘रन इंटू’, ‘रन आउट ऑफ’ इथे सर्वांत जास्त चुका होतात.

ओळखण्याची एक खात्रीची कसोटी आहे. ‘शी रॅन अप द हिल’ आणि ‘शी रॅन अप द बिल’ दिसायला सारखीच वाक्यं. आता नामाच्या जागी ‘इट’ घाला. टेकडीच्या बाबतीत ‘शी रॅन अप इट’ होतं, बिलाच्या बाबतीत ‘शी रॅन इट अप’. सर्वनाम मध्ये शिरलं की समजायचं, इथे दोन शब्द मिळून एकच क्रियापद झालं आहे आणि त्याचा अर्थ वेगळा शोधायला हवा. म्हणून पहिलं ‘ती धावत टेकडी चढली’ आणि दुसरं ‘तिने मोठं बिल करून ठेवलं’.

मात्र ‘रन इंटू’ला ही कसोटी लावू नका, ते कधीच फुटत नाही. तिथे पुढचं नाम बघा: ओळखीचा माणूस असेल तर अचानक भेट, खांब असेल तर धडक, अडचण असेल तर अडचणीत सापडणं, रक्कम असेल तर ‘कोटींच्या घरात जाणं’.

‘आउट’चं मराठीत आणखी एक वळण आहे. क्रिकेटमध्ये ‘रन आउट’ला ‘धावचीत’ हा पक्का शब्द आहे. पण ‘वी रॅन आउट ऑफ शुगर’ म्हणजे साखर संपली, आणि ‘माय पासपोर्ट हॅज रन आउट’ म्हणजे पासपोर्टची मुदत संपली.

आणखी एक अडखळण्याची जागा: ‘द स्कूल इज रन बाय अ ट्रस्ट’. रन-रॅन-रन यात तिसरं रूप पहिल्यासारखंच असल्याने मुलं याला ‘शाळा धावते’ करून टाकतात. ‘इज’ आणि ‘बाय’ दिसले की कर्मणी, म्हणजे ‘शाळा ट्रस्टतर्फे चालवली जाते’.

कोशवाचक
थिसॉरसबद्दल. तो समानार्थी नव्हे, जवळपासचे शब्द देतो. ‘स्प्रिंट’ म्हणजे कमी अंतर पूर्ण वेगाने, ‘जॉग’ म्हणजे व्यायामासाठी संथ, ‘डॅश’ म्हणजे घाईने थोडंसं अंतर, ‘बोल्ट’ म्हणजे बिथरून एकदम सुटणं, बहुतेकदा घोड्याचं. हे एकमेकांच्या जागी घालता येत नाहीत. थिसॉरसचा खरा उपयोग उलट्या बाजूने आहे: वाक्यात ‘रन’ काढून ‘ऑपरेट’, ‘फ्लो’, ‘लास्ट’, ‘एक्स्टेंड’, ‘मॅनेज’ एकेक घालून बघा. जो अर्थ न बिघडवता बसेल, त्याचं मराठी करा.

देशागणिक फरकही लक्षात ठेवा. निवडणुकीला अमेरिकेत ‘रन’ करतात, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’. पायमोज्यातल्या उसवलेल्या उभ्या रेघेला अमेरिकेत ‘रन’, ब्रिटनमध्ये ‘लॅडर’.

साइट_मोजमाप
आपल्याकडे रुजलेले उपयोगही टिपणात घ्या, नाहीतर मुलं त्यांचा उलटा अनुवाद चुकवतात. ‘रनिंग फूट’ म्हणजे रुंदी न धरता मोजलेली सरळ लांबी. १० फूट लांब, २ फूट रुंद ओटा १० रनिंग फूट भरतो, पण २० चौरस फूट. दर कुठल्या मापाने आहे हे न बघता अनुवाद केला तर हिशेबच बदलतो. सरकारी कामातलं ‘रनिंग बिल’ म्हणजे काम चालू असताना झालेल्या कामापुरतं दिलं जाणारं बिल, अंतिम बिल वेगळं. रेल्वेतला ‘रनिंग स्टाफ’ म्हणजे लोको पायलट, ट्रेन मॅनेजर (२०२२पूर्वीचा गार्ड) अशी गाडीवरची माणसं, आणि त्यांच्या विश्रांतीची जागा ती ‘रनिंग रूम’.

‘गाडीचं रनिंग किती?’ हे मात्र जपून. जुन्या गाडीच्या व्यवहारात आपण ते किलोमीटरसाठी म्हणतो, ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाला ते कळेलच असं नाही. तिथे ‘मायलेज’ म्हणा. आपण मायलेज लिटरमागे धरतो, हा घोटाळा आणखी वेगळा.

अनुवाद_टिपणं
खूप उपयोग झाला. फक्त बँक आणि कपड्याच्या रंगाचं अजून जमत नाही. ‘रंग गेला’ पुरेल का?

व्याकरण_कट्टा
नाही पुरणार. ‘रंग गेला’मध्ये ‘फेड’ही येतं. उन्हाने, वारंवार धुण्याने रंग फिका पडला, विटला, तर तो ‘फेड’. ओल्या कपड्याचा रंग सुटून पाण्यात किंवा शेजारच्या कपड्याला लागला तर ‘रन’, त्याचा जवळचा समानार्थी ‘ब्लीड’. म्हणून ‘धुताना रंग सुटून पसरला’ असं करा. भिंतीच्या रंगकामातला ‘रन’ आणखी निराळा, तो ओघळ: थर जाड बसला किंवा थिनर जास्त झालं की रंग खाली ओघळतो.

बँकेसाठी ‘ठेवी काढून घ्यायला झुंबड’. सप्टेंबर २००७मध्ये ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉकच्या शाखांबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या, तो ‘रन ऑन द बँक’. तिथला ‘ऑन’ सोडू नका. ‘रन बाय द बँक’ असेल तर ‘बँकेने चालवलेलं’.