फील्ड प्रोजेक्ट: काम एक-दोघांचं, गुण चौघांना. वाटणी कशी करावी?

चौथा_तास: बी.कॉम.ला फील्ड प्रोजेक्ट ४० गुणांचा आहे. ६० मुलं, चौघांचा गट. काम सगळं वर्गाबाहेर, त्यामुळे कोणी केलं आणि कोणी नुसतं नाव लावलं ते कळत नाही. पोर्टलवर मात्र गुण प्रत्येकाचे वेगळे भरायचे. काय करावं?

टर्मवर्क: अहवालाचे निम्मेच गुण सरसकट द्या. उरलेले गटातल्या मुलांच्या मतावर. प्रत्येकाने ३० पॉइंट स्वतःला सोडून बाकी तिघांत वाटायचे. चौघांची सरासरी आपोआप ३० येते. समजा अहवालाला ३२ दिलेत. १६ सगळ्यांना. दुसऱ्या १६ ला ज्याचे-त्याचे पॉइंट भागिले ३० ने गुणायचं. २१ पॉइंटवाला १६ + ११.२ = २७.२ वर थांबतो, ३६ वाला ३५.२ वर जातो. कमाल मर्यादा अर्थातच ४०. पॉइंट गुप्त घ्या, आणि हिशेब पहिल्याच आठवड्यात फळ्यावर मांडा. निकालाच्या वेळी सांगितलात तर तक्रारींची रांग लागेल.

खडूफळा: पद्धत बरी, पण पोरं आपसांत ठरवून १०-१०-१० टाकतात. किंवा तिघं मिळून एकाला पाडतात. तो बहुधा अप-डाउन करणारा असतो, कारण गटाच्या बैठका रात्री हॉस्टेलवर. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे एका ओळीत कारण मागा. ‘१२ दुकानांचे फॉर्म भरून आणले’ चालेल, ‘मदत केली’ नाही. प्रश्नावली, भरलेले फॉर्म, कच्चा मसुदा असे तीन टप्पे ठेवा आणि त्या-त्या आठवड्यात तासाची शेवटची २० मिनिटं गटांना द्या.

चौथा_तास: गूगल डॉक्सची हिस्ट्री पाहिली तर भागेल का?

टर्मवर्क: एका लॅपटॉपवर चौघं बसले की हिस्ट्रीत नाव एकाचंच. कुठूनतरी उचललेली तीन पानं एकदम चिकटवली तर तेवढं दिसतं.

खडूफळा: त्यापेक्षा १० गुण तोंडीला काढा आणि वरचा हिशेब ३० वर करा. माणशी ५ मिनिटं म्हणजे ६० जणांना ५ तास. दोन दुपारी पुरतात. भरलेले फॉर्म टेबलावर ठेवायचे. ज्याने आलेख काढले त्याला दुकानं कशी निवडली ते विचारा, आणि फॉर्म भरणाऱ्याला एखाद्या आलेखातला आकडा कुठून आला ते फॉर्ममधून दाखवायला सांगा. गटात बसून काम झालं असेल तर दुसऱ्याच्या भागाचंही निदान जुजबी उत्तर येतं.