इंटरहार्ट अभ्यासातील ‘९० टक्के’ आणि आपल्याकडचे ५३ वर्षे वय: या आकड्यांचा अर्थ कसा लावावा?

अमरावतीकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्या थोरल्या बंधूंना वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा पहिला झटका आला. वडिलांनाही पन्नाशीत आला होता, त्यामुळे ‘हे आपल्या रक्तातच आहे’ असा निकाल घरात केव्हाच लागलेला आहे. या निमित्ताने डॉ. सलीम युसुफ यांच्या संशोधनाविषयी वाचू लागलो. केरळमध्ये जन्म, बंगळूरच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण, पुढे ऑक्सफर्ड आणि १९९२ पासून कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठ, असा त्यांचा प्रवास आहे. त्यांच्या नेतृत्वाखालील इंटरहार्ट अभ्यास २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ५२ देशांतील सुमारे १५ हजार रुग्ण आणि जवळपास तितक्याच निरोगी व्यक्तींची तुलना करून असे म्हटले आहे की, नऊ घटक (धूम्रपान, रक्तातील मेद, रक्तदाब, मधुमेह, पोटाची चरबी, मानसिक ताण, फळे-भाज्या, व्यायाम आणि मद्यपान) मिळून पहिल्या झटक्याच्या पुरुषांमधील ९० टक्के आणि स्त्रियांमधील ९४ टक्के धोक्याचा उलगडा करतात.

मी वाणिज्य शाखेचा प्राध्यापक आहे. आकड्यांची भीती नाही, पण वैद्यकातले कळत नाही. माझ्या शंका अशा: नऊ घटकांनी ९० टक्के व्यापले, तर आनुवंशिकतेच्या वाट्याला केवळ १० टक्के उरतात का? त्याच निबंधात निरनिराळ्या घटकांचे वाटे वाचले (रक्तातील मेद ४९ टक्के, धूम्रपान ३६ टक्के, मानसिक ताण ३३ टक्के), तर त्यांची बेरीज शंभराच्या पुढे जाते, हे कसे? आणि आपल्याकडे पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, असे जे सांगितले जाते, त्याला आधार काय?

फिजिशियन_सोलापूर

प्राध्यापक महोदय, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचा धागा थेट विदर्भात पोहोचतो. ५३ वर्षांच्या आकड्याचा सविस्तर आधार मूळ निबंधापेक्षा पुढच्या एका निबंधात मिळतो. इंटरहार्टमधील भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंका या पाच देशांच्या माहितीचे वेगळे विश्लेषण २००७ साली ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि त्याचे पहिले लेखक त्या वेळी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असलेले डॉ. प्रशांत जोशी आहेत. त्यात दक्षिण आशियातील १,७३२ रुग्ण होते. पहिल्या झटक्याच्या वेळी त्यांचे सरासरी वय ५३ वर्षे, तर इतर देशांतील रुग्णांचे ५८.८ वर्षे आढळले.

मात्र त्या निबंधाचे खरे महत्त्व पुढच्या वाक्यात आहे आणि वर्तमानपत्री लेखांत नेमके तेच गळते. आपल्याकडील लोकांमध्ये साठीच्या आतच हे घटक जास्त प्रमाणात आढळतात, आणि नऊही घटकांचा हिशेब मांडल्यावर झटका चाळिशीच्या आत येण्याच्या शक्यतेतील फरक जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे आपल्या रक्तात काही गूढ दडले आहे असे मानण्याची गरज उरत नाही. तेच घटक आपल्याला लवकर गाठतात. आजारी नसलेल्या तुलनागटातही हेच चित्र होते. नियमित व्यायाम करणारे आपल्याकडे ६.१ टक्के, तर इतरत्र २१.६ टक्के, रोज फळे आणि भाज्या खाणारे आपल्याकडे २६.५ टक्के, तर इतरत्र ४५.२ टक्के. शाकाहाराचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या देशाने हा दुसरा आकडा पुन्हा एकदा वाचावा. पोहे, पोळी, भात आणि बटाट्याची भाजी हा आहार शाकाहारी असतो, पण त्यात भाजी किती असते?

आनुवंशिकतेविषयी सांगायचे, तर ती आणि हे नऊ घटक एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत. आपल्या वडिलांकडून आपल्याला झटका मिळत नाही. मेदाचे चयापचय, मधुमेहाची प्रवृत्ती, रक्तदाब आणि जेवणाच्या सवयी मिळतात. नऊ घटकांच्या जोडीला कौटुंबिक इतिहास धरला, तेव्हा एकूण आकडा ९० वरून ९१ टक्क्यांच्या आसपासच गेला. याचा अर्थ आनुवंशिकता नगण्य आहे असा नव्हे. तिचा बराचसा परिणाम या घटकांच्या वाटेनेच पोहोचतो आणि त्या वाटेवर तपासणी नाके उभारता येतात.

जीवसांख्यिकी

बेरजेच्या शंकेचे उत्तर मी देतो. या टक्केवारीचा अर्थ असा: तो घटक समाजातून नाहीसा झाला असता, तर झटक्यांपैकी किती टळले असते, याचा अंदाज. समजा, एका गृहस्थाला मधुमेह आहे, तो सिगारेट ओढतो आणि त्याच्या रक्तातील मेदही वाढलेले आहेत. या तिन्हींपैकी कोणतेही एक नसते तरी त्याचा झटका टळला असता. तर हा एकच झटका तिन्ही घटकांच्या खात्यावर चढतो. एकच पावती तीन वह्यांत नोंदवली, तर तिन्ही वह्यांची बेरीज रोकडीपेक्षा जास्त भरणारच, हे आपल्यासारख्या वाणिज्यशास्त्राच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

यावरूनच पुढचा मुद्दा येतो. शंभरातून ९० वजा जाता उरलेले १० टक्के ‘आनुवंशिकतेचे’ असे वाटप करता येत नाही, कारण ही टक्केवारी मुळात वाटणीची नाही. शिवाय येथे तुलना आहे ती घातक घटकांपैकी एकही नसलेल्या आणि हितकारक सवयी सर्वच्या सर्व असलेल्या व्यक्तींशी. असे लोक प्रत्यक्षात फारच थोडे असतात. त्यामुळे ९० टक्के हे सैद्धांतिक टोक आहे. कोणत्याही आरोग्य कार्यक्रमाने ९० टक्के झटके थांबतील असे आश्वासन ते देत नाही.

अभ्यासाच्या रचनेकडेही थोडे डोळसपणे पाहावे. लक्षणे सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत रुग्णालयात दाखल झालेले रुग्ण त्यात घेतले होते, म्हणजे वाटेतच दगावलेले त्यात नाहीत. मानसिक ताणाची माहिती झटका येऊन गेल्यावर विचारलेली आहे. झटक्यातून वाचलेला माणूस कारण शोधत असतो, त्याला मागचे वर्ष अधिक ताणाचे आठवते. निरोगी माणसाला तसे आठवण्याची गरज नसते. म्हणून ३३ टक्क्यांचा आकडा मी काहीशा साशंकतेने वाचतो. मेदाच्या आकड्याबाबत अशी शंका येत नाही, कारण तो रक्त तपासून मिळालेला आहे. त्यातही संशोधकांनी नेहमीच्या कोलेस्टेरॉलऐवजी अपोलिपोप्रोटीन बी आणि ए-१ (रक्तातील मेद वाहून नेणारी प्रथिने) यांचे गुणोत्तर वापरले, कारण रुग्ण उपाशीपोटी दाखल होत नाहीत आणि जेवणाचा या मापावर फारसा परिणाम होत नाही. ही निवड मला या अभ्यासातील सर्वांत शहाणपणाची वाटते.

५३ वर्षांबाबत डॉक्टरांच्या म्हणण्याला एक पुरवणी जोडतो. ज्या देशात वृद्धांचे प्रमाणच कमी असते, तेथे रुग्णांचे सरासरी वय आपोआप खाली येते. म्हणून ५३ आणि ५८.८ यांतील संपूर्ण अंतर आजाराच्या घाईचे मानू नये; त्यातील काही भाग लोकसंख्येच्या वयोरचनेचा आहे.

तालुका_समुपदेशक

मी असंसर्गजन्य आजारांच्या तपासणी कक्षात समुपदेशनाचे काम करते. वरील चर्चेत धूम्रपानाचा उल्लेख आला, परंतु आमच्या भागात तो शब्द अपुरा पडतो. ‘धूम्रपान करता का?’ या रकान्यात ‘नाही’ लिहून मान वर करावी, तर समोरच्या काकांच्या गालात मळलेल्या तंबाखूची गोळी असते. बायका तर मिसरीला व्यसनच मानत नाहीत. दात घासण्याची ती पद्धत आहे, असे सांगतात.

इंटरहार्टच्या माहितीवरून तंबाखूविषयीचा स्वतंत्र निबंध २००६ साली ‘लॅन्सेट’मध्येच आला आणि मला तो मूळ निबंधापेक्षाही आपल्या लोकांसाठी अधिक उपयोगाचा वाटतो. त्यानुसार केवळ तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये झटक्याची शक्यता २.२३ पट, केवळ बिडी ओढणाऱ्यांमध्ये २.८९ पट आणि ओढणे व चघळणे दोन्ही करणाऱ्यांमध्ये ४.०९ पट आढळली. ‘बिडी म्हणजे पानच, सिगारेटइतकी वाईट नाही’ हा समज त्यातून निकालात निघतो. तंबाखूचा संबंध तोंडाच्या कर्करोगाशी आहे हे आता गावागावांत माहीत आहे. हृदयाशीही आहे, हे सांगितल्यावर मात्र लोक आश्चर्याने पाहतात. सोडल्याचा लाभ किती लवकर मिळतो, तेही त्या निबंधात आहे: सिगारेट सोडल्यावर तीन वर्षांच्या आत वाढीव शक्यता १.८७ पटींपर्यंत खाली आली होती.

अमरावतीकर

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. पावतीच्या उदाहरणाने बेरजेचे कोडे सुटले. आता दोन व्यावहारिक प्रश्न उरतात. बंधूंना झटका येऊन गेलाच आहे, तेव्हा त्यांच्या दृष्टीने या संशोधनाचा काही उपयोग आहे का? आणि मी स्वतः ४१ वर्षांचा आहे, तर ही अपोलिपोप्रोटीनची तपासणी मी करून घ्यावी का?

फिजिशियन_सोलापूर

आपल्या बंधूंसाठी युसुफ यांच्याच गटाचे पुढचे काम, म्हणजे ‘प्युअर’ अभ्यास, अधिक महत्त्वाचे आहे. त्यातून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात, पूर्वी हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेले लोक सिद्ध झालेली औषधे घेतात का, हे तपासले होते. अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी, बीटा-ब्लॉकर (हृदयावरील ताण कमी करणारी गोळी), रक्तदाबावरील ठरावीक गटाच्या गोळ्या आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) यांपैकी एकही औषध न घेणारे श्रीमंत देशांत ११.२ टक्के होते, तर भारताचा समावेश असलेल्या कमी उत्पन्नाच्या गटात ८०.२ टक्के. २०१४ च्या निबंधात तर याहून विचित्र वाटणारी गोष्ट पुढे आली. जोखीम घटकांचा एकत्रित गुणांक गरीब देशांत सर्वांत कमी होता, तरीही गंभीर घटना आणि मृत्यू तेथेच जास्त होते. उपचार मिळणे आणि ते टिकवणे यांवर किती अवलंबून असते, ते यावरून दिसते. (‘प्युअर’च्या मीठ आणि आहाराविषयीच्या निष्कर्षांवर जोरदार वाद झाला आहे, एका वेळच्या लघवीच्या नमुन्यावरून दिवसाचे मीठ ठरवण्याची पद्धत अनेकांना मान्य नाही. त्या वादाचा औषधांच्या या आकड्यांशी संबंध नाही.)

माझ्या बाह्यरुग्ण विभागात दिसते ते असे: पहिले सहा महिने गोळ्या नेमाने चालतात, मग छातीत दुखत नाही म्हणून स्टॅटिन बंद होते, कोणीतरी ‘यकृतावर परिणाम होतो’ असे सांगितल्यावर तर हमखास. बंधूंच्या गोळ्यांची चिठ्ठी एकदा आपण स्वतः पाहा आणि कोणती गोळी कोणाच्या सांगण्यावरून थांबली, ते विचारा. थांबली असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे त्यांना घेऊन जा.

आपली तपासणी: अपोलिपोप्रोटीन बी स्वतंत्रपणे मोजता येते, पण तिच्यावाचून अडत नाही. साध्या लिपिड प्रोफाइलच्या अहवालातील एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) वजा करा; येणारा आकडा जवळपास तेच काम करतो. त्याच वेळी साखर आणि रक्तदाब तपासून घ्या आणि कंबर व नितंब यांचे माप घेऊन त्यांचे गुणोत्तर काढा. युसुफ यांच्याच २००५ च्या निबंधात झटक्याशी असलेले या गुणोत्तराचे नाते बॉडी मास इंडेक्सपेक्षा (उंचीच्या मानाने वजनाचे माप) कितीतरी घट्ट आढळले होते, आणि सडपातळ हातापायांच्या पण सुटलेल्या पोटाच्या आपल्या मंडळींसाठी तेच माप खरे. वडील आणि भाऊ दोघांनाही लवकर झटका आलेला असल्याने हे सारे अहवाल घेऊन फिजिशियनला भेटा. कौटुंबिक इतिहास त्यांनी विचारला नाही, तरी आपण होऊन सांगा.