पाळणाघरातून मूल पारोसं परत येतं म्हणणाऱ्यांना

इंदिरानगरची ताई
काल इथे एका आईने लिहिलं, ‘महिन्याला साडेपाच हजार मोजते आणि संध्याकाळी मूल पारोसंच हातात मिळतं. साधी अंघोळ घालता येत नाही तर पाळणाघर काढता कशाला?’ खाली बऱ्याच जणींनी री ओढली. रात्री झोप लागली नाही मला.

चौदा वर्षं पाळणाघर चालवतेय. सध्या नऊ मुलं, दहा महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतची. मी आणि एक मावशी. एका मुलाची अंघोळ म्हणजे कपडे काढा, पाण्यात विसण घाला, डोळ्यांत साबण गेला की समजूत काढा, कानामागे कोरडं करा, परत कपडे चढवा. पंधरा मिनिटं कुठेच जात नाहीत. नऊ जणांचे सव्वादोन तास झाले. तेवढा वेळ एक बाई मोरीत आणि उरलेली आठ मुलं दुसरीच्या गळ्यात.

आणि गरम पाण्याची मला भीती वाटते, हे उघड सांगते. साठ अंशांचं पाणी लहान मुलाला काही सेकंदांत भाजतं. गॅस गिझर कोंदट मोरीत लावला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वासही येत नाही. माझ्या मोरीला हातभर खिडकी आहे, तरी मी तो बसवला नाही.

आमच्याकडे शी झाली की कमरेखालचं पाण्याने धुतलं जातं. चारच्या सुमारास ओल्या पंचाने मान, काखा, मांड्यांचे सांधे पुसते. प्रत्येकाचा पंचा वेगळा, त्यावर नावाचा टाका घातलेला. याला पारोसं म्हणायचं असेल तर म्हणा.

सातची पाळी
ती लिहिणारी मीच. नाशिकच्या अंबडला कंपनीत सातला पाळी लागते, सव्वासहाला घर सोडते. डिसेंबरात बाहेर मिट्ट काळोख असतो, पोरगा झोपेतच खांद्यावर असतो. त्याला उठवून अंगावर पाणी घालू? नवरा रात्रपाळीहून आठला येतो. मला हौस नाही फी भरून वर भांडायची.

म्हसरूळकर
पाळी साडेतीनला सुटते ना? मग संध्याकाळी घाला की.

सातची पाळी
ओव्हरटाइम कोण नाही म्हणतं? घरी यायला साडेसात होतात. आणि आमच्याकडे नळाला पाणी सकाळी एकदाच येतं. संध्याकाळी पिंपात जेवढं असेल तेवढ्यात भांडीसुद्धा उरकायची असतात.

पंचवटीचे आजोबा
अंघोळीशिवाय मुलाच्या तोंडात घास जाऊ नये, हे आमच्या घरात चार पिढ्या पाळलंय. माझ्या नातवाला मी स्वतः तेल लावून, डाळीच्या पिठाने अंघोळ घालतो. त्यानंतर तो दोन तास गाढ झोपतो. पुसणं म्हणजे अंघोळ नव्हे.

कोरड्या कातडीची आई
आजोबा, माझ्या लेकीला एक्झिमा आहे. आधीच्या पाळणाघरात (नाव घेत नाही) रोज दोनदा साबणाने घासून अंघोळ घालायचे, स्वच्छतेचं कौतुक म्हणून. गुडघ्यामागची कातडी फुटून रक्त आलं. डॉक्टरांनी सांगितलं, कोमट पाणी, पाच ते दहा मिनिटं, साबण नावापुरता आणि अंग टिपल्याबरोबर क्रीम. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना तर सांगते, सहा ते अकरा वर्षांचं मूल मळलं-घामेजलं नसेल तर आठवड्याला एक-दोन अंघोळीही चालतात.

पंचवटीचे आजोबा
त्या संघटनेने नाशिकचा मे महिना पाहिलेला नाही. घामोळ्याने रडणारं पोर मी पाहिलंय. तुमच्या लेकीचं दुखणं वेगळं आहे, तिथे डॉक्टरांचं ऐका. सगळ्यांना तोच नियम लावू नका.

गोदाकाठ
मूळ दुखणं पाण्याचं आहे. गंगापूर धरण उशाशी आणि पिंपात मोजून पाणी! ऑक्टोबरात खाली पैठणचं जायकवाडी धरण पुरेसं भरलं नसलं की आपल्या धरणांतून खाली सोडायचं. वाटेत नदी किती पिते ते कोणी मोजतं का?

पैठणचा, आता सिडकोत
‘आपल्या’ धरणांतून? गोदावरी नाशिकच्या नावावर केली कोणी? २००५ च्या कायद्यातच समन्यायी वाटप लिहिलंय. संभाजीनगरला माझी बहीण राहते. तिथे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं. तिच्या पोरांच्या अंघोळीची चर्चा कोणी केली नाही.

गोदाकाठ
कायदा मला शिकवू नका. माझी दोन एकर द्राक्षबाग छाटणीनंतर पाण्यावाचून वाळली आहे. घड सुकताना बघितलेत कधी?

पैठणचा, आता सिडकोत
माझ्या वडिलांची मोसंबी मुळासकट उपटून सरपणाला गेली. बाग वाळलेली मीही बघितली आहे.

गोदाकाठ
हे माहीत नव्हतं. पण वाटेतल्या गळतीबद्दल बोललो ते मागे घेणार नाही.

म्हसरूळकर
अहो, धागा मुलांच्या अंघोळीचा आहे!

सातची पाळी
मला एवढंच हवंय की कोणीतरी माझ्या जागी उभं राहावं. पन्नास किंवा जास्त कामगार असले तर कंपनीने पाळणाघराची सोय द्यायची, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं, हे २०१७ पासून कायद्यात आहे. मी कंत्राटी. विचारलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील. मग मी ताईंकडेच मागणार ना? कालचा शेवटचा प्रश्न मात्र मी रागात लिहिला. तो लिहायला नको होता.

इंदिरानगरची ताई
तुमची पाळी मला माहीत नव्हती. दाखल्याच्या कागदावर तुम्ही ‘नोकरी’ एवढंच लिहिलंय.

नऊही मुलांना रोज अंघोळ घालणार नाही, त्यावर मी ठाम आहे. पण पहाटे निघणाऱ्या आयांची दोन मुलं आहेत माझ्याकडे. त्यांना अकरा वाजता, ऊन गच्चीवर आल्यावर, घालीन. पाणी आधी माझ्या कोपराला लावून बघेन. मोरीचं दार उघडं राहील. आणि अंघोळ मीच घालीन, दुसरं कोणी नाही. तशी परवानगी तुमच्या सहीने कागदावर द्या. ताप-सर्दी असेल त्या दिवशी नुसतं पुसेन, त्यावर वाद नको. डोक्यावरून पाणी घालणार नाही, ओल्या केसांनी पंख्याखाली झोपतात.

सातची पाळी
दोन पंचे आणि कपड्यांचा जोड सोमवारी देते. केस रविवारी घरी धुईन. पण ताई, गेल्या महिन्यात दारात विचारलं तेव्हा ‘जमणार नाही’ म्हणून तुम्ही आत निघून गेलात. तेव्हाच एवढं बोलला असतात तर मी इथे लिहिलंच नसतं.

इंदिरानगरची ताई
तेव्हा कडेवर तापलेलं मूल होतं. तरी थांबायला हवं होतं, हे कबूल.