मृत्यूकेंद्री विचक्राफ्टची (मृतांचं स्मरण करणाऱ्या पाश्चात्त्य जादू-साधनेची) वेदी, फ्लॅटमध्ये कशी मांडावी?

निशाचर: नागपुरात छोटा फ्लॅट आहे. काळ्या मेणबत्त्या मे महिन्यात वाकतात, कूलरनं विझतात. कवटी, घुबडाचं पीस लागतंच का?

राखरेघ: उन्हाळाभर मेणबत्ती सोडा भाऊ, दिवा लावा. पितळी दिवा, तिळाचं तेल, कापसाची वात. वात काठाबाहेर अर्धा सेंटीमीटरच ठेवा. जास्त काढली की काजळी धरते. भोवती वरून उघडी काचेची चिमणी, खाली स्टीलचं ताट, पडदा दोन हात लांब. मधोमध गेलेल्यांचा फोटो, पुढं पाण्याचा पेला. पाणी रोज बदला, नाहीतर डासांच्या अळ्या होतात.

वैनगंगा: घुबडाचं पीस अजिबात नको! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्यापायी घुबडं मारली जातात. कवटी मातीची घ्या. खरं हाड कुणी विकत असेल तर त्या मेलेल्या माणसाला विचारलं कुणी? स्मशानातली मातीही उचलू नका, पूर्वजांच्या गावची चिमूटभर पुरते.

राखरेघ: बरोबर. आणि लोबान कोळशावर जाळताना खिडकी उघडी ठेवाच. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. साऊइन, म्हणजे मृतांच्या स्मरणाचा जुना केल्टिक सण, ३१ ऑक्टोबरला येतो, पण सर्वपित्री अमावास्येलाही वेदी मांडता येते.