मसाला एकच, मग साइटवर साठा तीन कप्प्यांत कशाला?

डंकावरचा (धागा सुरू करणारा)

आमचा घरचा कांदा-लसूण मसाला. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. आई उन्हाळ्यात डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, स्वतः उभी राहून करून घेते. साइटवर तीन वजनं ठेवलीत: 200 ग्रॅम, अर्धा किलो, किलो.

गणपतीच्या तोंडावर 60 किलो हाताशी होता. पाकिटं भरून ठेवली: 200 ग्रॅमची 100, अर्ध्या किलोची 40, किलोची 20. तिन्हीकडं वीस-वीस किलो, हिशोब कसा छान दिसतो! तीन दिवसांत अर्ध्या किलोची सगळी उडाली आणि साइटनं पाटी लावली, 'शिल्लक नाही'. घरात मात्र किलोची 12 आणि 200 ची 70 पाकिटं, म्हणजे 26 किलो मसाला पडून. पुण्याच्या एका ताईंना अर्ध्या किलोची दहा हवी होती. त्यांनी दुसरीकडून घेतली आणि वर मला तसं कळवलंही.

माझं म्हणणं, साठा एकच हवा आणि तो वजनात हवा. वूकॉमर्समध्ये (साइटवरचं दुकान चालवणारं सॉफ्टवेअर) प्रत्येक व्हेरिएशनवर, म्हणजे प्रत्येक वजनावर, साठा न लिहिता मूळ प्रॉडक्टवर लिहिला की सगळी वजनं एकाच आकड्यातून कमी होतात. गोम एवढीच की ते पाकिटं मोजतं. किलो विकला तरी एक वजा, 200 ग्रॅम विकला तरी एकच. म्हणून 100 ग्रॅमला एक नग धरला, 60 किलोचे 600 नग लिहिले आणि भाच्याकडून चार ओळींचा कोड टाकून घेतला. आता 200 ला 2, अर्ध्या किलोला 5, किलोला 10 वजा होतात. मसाला ड्रममध्ये सुटा, पाकीट ऑर्डर आल्यावर. तीन कप्पे करणं हा येडेपणा आहे, बोला.

पिशवी_सील

दादा, मसाला एक असेल, पाकीट एक नाही. पाकिटावर निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगचा महिना-वर्ष, बॅच नंबर सगळं लागतं. 2011 चे वजनमापाचे नियम घरगुती धंद्याला माफ नाहीत. तीन वजनांची तीन लेबलं. ऑर्डर आल्यावर भरायचं म्हणतोस, पण चारला ऑर्डर आली, सहाला कुरिअरचा पोरगा दारात आणि नेमकी लाईट गेली तर सीलिंग मशीन काय तोंडानं फुंकून चालवणार? आम्ही हे दोन वर्षं केलं. दिवाळीत रात्री दोनपर्यंत मी आणि बायको पिशव्या भरत बसलो होतो. माझ्या लेखी साठा म्हणजे सील केलेली पिशवी. ड्रममधला तो कच्चा माल.

बरणी_आणि_हिंग

पिशवीवाले, एक सांगा. आपल्या कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात पोत्यातनं मापून देणारा दुकानदार कधी म्हणतो का, "अर्धा किलो संपला, पाव किलो शिल्लक आहे"? पोतं संपेपर्यंत सगळी वजनं शिल्लक असतात. ही साधी गोष्ट साइटला कळत नसेल तर दोष साइटचा. मी डंकावरच्याच्या बाजूनं. आणि सुटा मसाला खराब होतो असं कुणी म्हणायच्या आधीच सांगते, चिनी मातीच्या बरणीत वर हिंगाचे खडे टाकून आमच्याकडं वर्षभर टिकतो.

पिशवी_सील

तो दुकानदार गिऱ्हाईकासमोर कागदात बांधतो, ताई. त्याला लेबल नाही, कुरिअर नाही. आणि दर बरणीत हात घालणारे किती, ते पण सांगा की. पावसाळ्यात रोज झाकण उघडलेला मसाला खडे धरतोच.

शाहूपुरी_रवा

आम्ही गुळात आहे. तुमच्या एका ढिगाच्या हिशोबात एक भोक हाय. 30 किलोचा रवा, म्हणजे गुळाची अख्खी ढेप, फोडून किलोचे तुकडे करता येतात, पण किलोच्या तुकड्यांचा परत रवा होत नाही. साठा नुसता किलोत लिहिला आणि 90 किलो दाखवला, तर साइट तीन रव्यांची ऑर्डर बिनधास्त घेईल. गोदामात मात्र एक रवा आणि 60 किलो तुकडे. मग मुंबईच्या मिठाईवाल्याला काय सांगायचं? फोडताना चुरा पडतो तो वेगळाच, 30 चे पुरे 30 कधी भरत नाहीत.

दुसरं, कर. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकबंद गुळावर 5 टक्के जीएसटी आला. 30 किलोचा रवा त्यात बसत नाही. एकच गूळ, पण बिलात दोन वेगळे माल. एका आकड्यात घालून सीएकडं गेलो तर तो मलाच फोडंल.

डंकावरचा

रव्याचं पटलं. पण मसाला फोडायचा नसतो, ओतायचा असतो. ड्रममधनं कुठलंही वजन निघतं. गुळाचा नियम मसाल्याला कशाला लावताय?

कळंबा_कोड

ओतायचाच आहे, मान्य. पण भाच्याचा कोड अर्धवट आहे. ऑर्डर झाल्यावर किती नग वजा करायचे एवढंच तो बदलतो. कार्टमध्ये टाकतानाची तपासणी पाकिटांवरच चालते. समजा ड्रममध्ये 3 किलो उरला, म्हणजे 30 नग. कुणी किलोची 20 पाकिटं टाकली तर साइट म्हणणार, 20 हवेत, 30 आहेत, घ्या. वीस किलो मसाला! मग तो माणूस एक तर पत्ता-बित्ता भरून शेवटच्या पायरीला अडकणार, नाहीतर साठा उण्यात जाणार. कार्टची तपासणीसुद्धा नगांत करून घ्या, नाहीतर वजनाचा हिशोब समजणारं तयार प्लगइन घ्या. शॉपिफायवर (वूकॉमर्ससारखंच दुसरं सॉफ्टवेअर) तर प्रत्येक व्हेरिएंटचा साठा वेगळाच असतो, तिथं अशा कामाला वेगळं ॲप लागतं.

आणि कुणीच न बोललेली गोष्ट. 200 ग्रॅमवर तुम्हाला किलोमागं जास्त पैसे सुटत असणार. सीझनच्या शेवटी राहिलेला 10 किलो एका केटरिंगवाल्यानं किलोच्या भावात उचलला, तर एकत्र साठ्यानं तुमचंच नुकसान केलं. कप्पे कधीकधी मुद्दाम ठेवायचे असतात.

पायताण

आमच्या चपलांत ही भानगडच नाही. आठ नंबरची कापशी (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार) सात नंबरवाल्याला घालता येत नाही, त्यामुळं प्रत्येक नंबरचा साठा वेगळा. पण आमचा एकच जोड चप्पल लाईनीतल्या दुकानात टांगलेला असतो, साइटवर असतो आणि दोन मार्केटप्लेसवर पण. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्यानंतर चौकशा एवढ्या वाढल्या की एकच जोड आम्ही तिघांना विकला. दोघांची माफी मागितली, तिसऱ्याला रंग बदलून दिला. म्हणून एक साठा हवाच, पण विकायच्या सगळ्या जागा मिळून एक. नंबरांचा एक नव्हे. डंकावरचे, तुम्ही मसाला घरातनं पण विकता ना? ते पाकीट साइटवरनं कोण वजा करतं?

डंकावरचा

आई. म्हणजे कुणीच नाही. शेजारच्या काकू दोन किलो घेऊन जातात आणि मला रात्री जेवताना कळतं.

कळंबावाले, कार्टचं आजच भाच्याला सांगितलं. तो म्हणतो आधीच्या कामाचा तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची पार्टी बाकी आहे.

पिशवीवाल्यांचं अर्धं ऐकतो. दिवाळीला अर्ध्या किलोची 30 पाकिटं आधी भरून ठेवणार, कारण जातात तीच. बाकीचा माल ड्रममध्ये. पण साइटवर आकडा एकच राहणार, वजनातच. भरलेली 30 त्या आकड्याच्या आतच धरलीत, वेगळा कप्पा नाही.

पिशवी_सील

आणि 31 वी ऑर्डर रात्री अकराला आली तर?

डंकावरचा

तर सकाळी भरीन. 'शिल्लक नाही' ही पाटी लावण्यापेक्षा 'उद्या निघेल' ही बरी.

पिशवी_सील

लाईट असली तर.